पाहुणीची वेगळी बाटली

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा सब-इन्स्पेक्टर आकांक्षा घाडीने नुकताच डबा उघडला होता. आत बांगड्याचं तिखलं. पहिला घास हातातच राहिला. पोलिसाच्या नशिबात गरम जेवण नसतं, आणि रविवारचं तर मुळीच नसतं.

"मॅडम, परळच्या हॉस्पिटलातून बोलतोय. ऋग्वेदा धैर्यवान नावाची मुलगी आणलीय. लालबागला जेवायला गेली होती, घसा सुजून श्वास बंद पडत होता. नळी घातलीय. सोबतचा मुलगा म्हणतो ॲलर्जी, मुलीचे वडील म्हणतात विषप्रयोग. दोघं कॉरिडॉरमध्ये एकमेकांच्या अंगावर जातायत. तुम्ही लवकर या."

आकांक्षाने डबा बंद केला आणि हवालदार मोरजकरांना हाक मारली.

अतिदक्षता विभागाबाहेर दोघं दोन टोकांना बसले होते. एका बाजूला सुशांत राऊळ, लालबागचा, ऋग्वेदाचा होणारा नवरा. दुसऱ्या बाजूला शरदचंद्र धैर्यवान, तिचे वडील, ठाकूरद्वारचे. इस्त्रीचा सदरा, पण बटणं चुकीची लागलेली.

आधी ती डॉक्टरांना भेटली.

"ॲलर्जीच आहे," डॉक्टर म्हणाले. "कोळंबी, खेकडा, असल्या कवचाच्या प्राण्यांची. लहानपणापासून. तिच्या पर्समध्ये इंजेक्शन होतं, त्या मुलानं ते लगेच मांडीत मारलं. मारलं नसतं तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

"म्हणजे कोळंबी तिच्या पोटात गेली?"

"गेली. कशातून गेली, ते तुम्ही शोधा."

शरदचंद्र उठून उभे राहिले. एकेक शब्द स्वच्छ उच्चारत ते बोलले.

"आम्ही पाठारे प्रभू, बाई. आमच्या घरी कोळंबीशिवाय पान हलत नाही, आणि देवानं माझ्याच मुलीला हे दिलं. तिच्यासाठी आमच्या घरात वीस वर्षं कोळंबी शिजली नाही. ह्या राऊळ मंडळींना मी स्वतः तीनदा सांगितलं होतं. तिनं ताटाला हात लावला नव्हता अजून. फक्त ती मधाची दारू प्यायली. सुशांतच्या बहिणीनं घरी केलेली. त्या बाईला आत टाका."

"तुम्हीही प्यायलात?"

"मला मधुमेह आहे. मी पाणी घेतलं."

सुशांत खाली मान घालून म्हणाला, "मानसीताईनं चूक केली असेल. मुद्दाम नाही करणार ती." आणि मग जरा थांबून, "पण चुकीनं का होईना, केलं तिनंच ना?"

सख्खा भाऊच असं म्हणाला, मग बाकीच्यांचं काय विचारता!

लालबागला जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राऊळांचं घर. जेवणाची पानं तशीच मांडलेली. अळूचं फदफदं, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, सोलकढी. मालवणी घरात पाहुण्यांचं जेवण आणि माशाचा तुकडाही नाही! मोरजकरांनी पानांकडे असं पाहिलं की जणू घरात कोणी गेलंय.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत सोनेरी पिवळी वाईन, दुसरीत आमसुली लाल. पिवळी निम्मी संपलेली. लाल फक्त एक पेलाभर कमी. बाजूला चांदीचे पेले, पाहुण्यांसाठी कपाटातून काढलेले.

आकांक्षाने दोन्ही बाटल्या खिडकीपाशी नेल्या. पिवळीतून पलीकडची गिरणीची चिमणी स्पष्ट दिसली. लालमधून नुसतं गढूळ धुकं दिसलं. तिने लाल बाटली नाकाशी धरली. मध, आमसूल, लवंग, तिरफळाचा झणका. आणि ह्या सगळ्याच्या खाली काहीतरी ओळखीचं, पण नाव सुचेना.

बाल्कनीच्या कठड्यावर काचेची छोटी वाटी ठेवली होती. वाटीत चार घोट पिवळी वाईन, शेजारी सुपारी आणि फूल, घर राखणाऱ्या देवापुढे ठेवतात तसं. दोन मुंग्या वाटीच्या कडेवरून फिरत होत्या.

"राखणदाराचं?" तिने विचारलं.

"होय, मॅडम," दारातून उत्तर आलं. बोलणारी सीमा राऊळ, सुशांतची आई. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला. "घरात असलं काही प्यायचं झालं तर आधी त्याचं. माझे दीर, नाना, घालतात गाऱ्हाणं."

आकांक्षा घाडी. आडनावावरूनच कळावं, तिच्या आजोबांनी गावात आयुष्यभर गाऱ्हाणी घातली होती, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागितलं होतं. तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मोरजकर स्वयंपाकघरातून एक पाकीट घेऊन आले. परदेशी, चकचकीत, फोडलेलं. वाईन निवळवायची पूड. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कवचापासून बनवलेली.

आता बोला!

मानसी राऊळ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. चाळिशीची, लग्न न केलेली. ती सोफ्याच्या कडेला ताठ बसली होती.

"ही पूड तुमची?"

"माझी."

"कशासाठी वापरता?"

"मधाची वाईन महिनोन्‌महिने गढूळ राहते. पूड घातली की गाळ खाली बसतो. पण ती फक्त पिवळ्या बाटलीसाठी. लाल मी ऋग्वेदासाठी वेगळी केली होती."

"वेगळी म्हणजे?"

"सगळंच वेगळं. बरणी नवी, गाळणं नवं, ढवळायचा चमचासुद्धा नवा. आणि निवळायला पूड नाही, निवळीची बी. गावाला नदीचं पाणी निवळायला सहाणेवर उगाळून घालायचे ना, तीच. माझी आजी घालायची. मी प्रत्येक पाहुण्यासाठी असंच करते. शेजारच्या शाहबेनना मध चालत नाही, त्यांच्यासाठी गुळाची केली."

"मग ती मधाची वाईन कसली?" मोरजकर मध्येच बोलले.

"तेच शाहबेननी विचारलं. पण प्यायल्या."

"परवाना आहे?" आकांक्षाने विचारलं.

मानसीने नकारार्थी मान हलवली.

"बरं, तो मामला दुसऱ्या खात्याचा. लाल कधी चाखली?"

"सकाळी. दोन्ही बाटल्या उघडून वेगवेगळ्या वाट्यांत थोडी थोडी घेतली. लाल आरपार दिसत होती मॅडम, मी ट्यूबलाइटसमोर धरून बघितली. बुचं परत लावली आणि आंघोळीला गेले."

"आता ती गढूळ आहे."

मानसीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नाही. शक्यच नाही."

"जेवायला बसल्यावर कोणी पाहिलं नाही?"

"चांदीचे पेले होते. आणि कोणी बाटलीकडे बघत होतं? सगळे ऋग्वेदाकडे बघत होते." ती एकदम रडायला लागली. "सुशांत फोन उचलत नाहीये माझा. त्याला वाटतंय मी पूड चुकून घातली. विद्यार्थ्यांना शिकवते मी, चमचा अदलाबदल करू नका म्हणून. मी अशी चूक करीन?"

आकांक्षाने पुडीचं पाकीट पुराव्याच्या पिशवीत घातलं. पोलिसाने कोणाचे डोळे पुसायचे नसतात, आणि रडणारे सगळे निर्दोष नसतात.

सीमाबाई स्वयंपाकघरातच उभ्या राहून बोलल्या.

"घरात मासे कधीपासून नाहीत?"

"शुक्रवारपासून. ओलं तर आणलंच नाही. सुकं होतं ते सगळं काढलं. बोंबील, सोडे, जवळा, सगळे डबे नानांच्या खोलीवर पाठवले, डिलाईल रोडला. फ्रीज मिठाच्या पाण्याने पुसला. तवा बदलला. तरी हे झालं."

"शाहबेन म्हणतात, तुम्ही गॅलरीत मोठ्याने भांडत होतात. 'माशाशिवाय घर म्हणजे काय घर, असली सून मला नको.'"

सीमाबाईंनी डोळे वर केले. "म्हटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे डबे हलवले. बोलायचं एक आणि करायचं एक, आईचं असंच असतं, मॅडम. तुम्हाला मुलगा झाला की कळेल."

"सकाळी घरात कोण होतं?"

"सुशांत त्यांना आणायला ठाकूरद्वारला गेलेला. मानसी आंघोळीला. मी फुलं आणायला खाली उतरले, तेव्हाच नाना आले. परत आल्यावर मी स्वयंपाकघरात होते. माझ्याशिवाय टेबलाजवळ कोणी गेलं नाही."

हे वाक्य आपल्यालाच अडकवतंय, हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं, आणि मुद्दाम म्हणाल्या? मुलीला वाचवायला आई काहीही बोलते.

नाना, म्हणजे वसंत राऊळ, सीमाबाईंचे मोठे दीर. सत्तरी ओलांडलेले, गिरणीत आयुष्य गेलेलं, गुडघ्यांनी दगा दिलेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. डिलाईल रोडच्या खोलीत एकटे राहायचे. आरामखुर्चीत बसून त्यांनी आकांक्षाला न्याहाळलं.

"घाडी म्हणजे खयचे गो बाय?"

"कणकवलीजवळचे. नाना, गाऱ्हाणं तुम्ही घातलंत?"

"मग कोण घालतलो? ह्या पोरांका येता काय?" म्हाताऱ्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात पावणे इलेत, त्येंचा बरा कर, म्हणान सांगितलंय. सगळ्यांनी डोळे मिटून होय म्हाराजा म्हटल्यानी."

"राखणदाराला आधी का द्यायचं?"

"आमच्या घराण्याची रीत ती. पावण्याच्या पोटात जा जातला, ता आधी राखणदाराक देवचा. मग तो पावण्याक सांभाळता. वायट काय लागणा नाय."

"आणि तुम्ही दिलंत? पाहुणीला ओतलं त्याच बाटलीतलं?"

"मग काय तर! रीत मोडीन काय मी?"

"पाहुणीला पेला कोणी भरून दिला?"

"मीच. मोठो म्हणान."

"ऋग्वेदा पसंत होती तुम्हाला?"

नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चेडू बरा आसा. शिकलेला. पण परदेशात जावचा म्हणता. सुशांताकय घेवन."

"तुम्हाला ते नको होतं."

"दसऱ्याक गावच्या देवळातसून तरंग भायर पडतत. लुगडी नेसयलेलो उंच खांब, ठावक असात तुका. आमच्या घराचो मान तो. माझ्यानंतर सुशांत घेता. तो एकटोच आसा आता." मग हात उडवून म्हणाले, "पण आजकालची पोरां. आपून काय बोलूचा?"

सुशांतनेही संध्याकाळी तेच सांगितलं. ऋग्वेदाला नेदरलँड्सला नोकरी लागलीय, लग्न झालं की दोघं जाणार. आई रडली, ताई रुसली, नाना महिनाभर बोलत नव्हते. मग सगळे हळूहळू वळणावर आले. हे रविवारचं जेवण म्हणजे समेटच होता.

"कोणावर संशय?"

"माझ्या घरातल्यांवर? मॅडम, तुम्ही मला एक नाव घ्यायला सांगताय आणि तिन्ही माझीच आहेत," तो म्हणाला आणि उठून गेला.

सोमवारी वरिष्ठ निरीक्षकांनी आकांक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

"दारू तिने केली. कवचाची पूड तिच्या घरात. पाकीट फोडलेलं. अजून काय पाहिजे, घाडी? मुलीचा बाप वरपर्यंत फोन करतोय. उद्या दुपारी मानसी राऊळला अटक दाखवू."

"सर, डॉक्टर म्हणतात, एवढी शुद्ध केलेली पूड इतका जोरदार झटका देईल असं वाटत नाही."

"वाटत नाही म्हणजे पुरावा नाही. उद्या दुपार."

उद्या दुपार. त्यानंतर मानसीची नोकरी जाणार, लग्न मोडणार, आणि सुशांत आयुष्यभर बहिणीचं तोंड बघणार नाही. आकांक्षाला हे स्वच्छ दिसत होतं. आणि ती बाई खरंच गुन्हेगार असेल तर? मग होऊ दे. पण नसेल तर?

संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. ओळखीच्या बाईंनी काम आधी हाती घेतलं होतं.

"लाल बाटलीत कवचाची पूड नाहीये. कोळंबी जातीच्या मांसाचं सत्त्व आहे, उकळून काढलेलं. अर्क म्हण हवं तर. पिवळी स्वच्छ."

अर्क! आकांक्षाने कपाळावर हात मारला. तो ओळखीचा वास जवळ्याचा, बारीक सुक्या कोळंबीचा होता. आजीच्या घरी माळ्यावरचा डबा उघडला की यायचा तसा. सुका जवळा पाण्यात उकळायचा, फडक्यातून गाळायचा. बाकीच्यांनी ती बाटली प्यायली असती तरी ढेकर देऊन मोकळे झाले असते. एकाच माणसाला लागेल असं विष.

म्हणजे चूक नव्हती. सकाळी मानसीने चाखल्यानंतर आणि जेवणाआधी कोणीतरी मुद्दाम बाटलीत ओतलं होतं. सुशांत तेव्हा ठाकूरद्वारला. राहिले तिघं.

मानसी? तिच्या घरात पूड होती. तिला करायचंच असतं तर ती पूड घालून मोकळी झाली असती आणि "चुकून" म्हणाली असती. शिवाय बाटली सकाळी निवळ होती हे तिने कशाला सांगितलं असतं?

मग सीमाबाई की नाना? दोघांनाही मुलगा जवळ हवा होता. दोघांच्याही हाताशी जवळा होता. दोघंही टेबलापाशी एकटे होते.

आकांक्षाने मोबाइलमधले रविवारचे फोटो काढले. पानं, बाटल्या, पेले, कठडा. एका फोटोपाशी तिचं बोट थांबलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग मोरजकरांना म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना लालबागच्या घरी बोलवा. धैर्यवानांनासुद्धा."

मंगळवारी सकाळी सगळे हॉलमध्ये बसले. शरदचंद्र दाराजवळच्या खुर्चीत. ऋग्वेदाची नळी काढली होती, ती शुद्धीवर होती, म्हणून ते आले होते. सुशांत खिडकीपाशी उभा. मानसी आणि सीमाबाई सोफ्यावर. नाना आरामखुर्चीत.

आकांक्षाने टेबलावर लाल बाटली ठेवली आणि शेजारी काचेची वाटी.

"नाना, जरा उठता? गाऱ्हाणं घाला."

"आता?"

"आता. ऋग्वेदाला बरं वाटावं म्हणून. ह्या बाटलीतलं राखणदाराला द्या आणि तिच्यासाठी मागणं मागा."

नाना काठी टेकत उठले. बाटली हातात घेतली. बूच काढलं. वाटीवर धरली आणि तशीच धरून राहिले.



"घाला की, नाना," सीमाबाई म्हणाल्या. "पोरीचं बरं होऊ दे."

नानांनी वाटीकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे. म्हाताऱ्याने बाटली खाली ठेवली.

"माझ्यान होवचा नाय."

"का?"

"माझ्यान... नाय होवचा."

आकांक्षा सगळ्यांकडे वळली.

"मी सांगते. रविवारी ह्या घरात दोन बाटल्या होत्या. लाल, फक्त ऋग्वेदाची. पिवळी, बाकीच्यांची. सकाळी मानसीबाईंनी चाखली तेव्हा लाल निवळ होती. दुपारी गढूळ झाली, कारण मधल्या वेळात तिच्यात जवळ्याचं पाणी ओतलं गेलं. कोणी, ते सांगणारा साक्षीदार घरात नव्हता. बाल्कनीत होता."

"बाल्कनीत?" शरदचंद्रांनी विचारलं.

"राखणदाराची वाटी. नाना, तुमच्या घराची रीत तुम्हीच मला सांगितलीत. पाहुण्याच्या पोटात जे जाणार, ते आधी राखणदाराला. ऋग्वेदाच्या पोटात लाल जाणार होती. मग वाटीत लाल असायला हवी. मी गेले तेव्हा वाटीत पिवळी होती."

सुशांतने मान वर केली.

"सगळ्यांनी डोळे मिटले होते, म्हणून कोणी पाहिलं नाही. पण गाऱ्हाणं घालणारा डोळे मिटत नाही. बाटली निवडणारा एकटाच होता. आता सांगा, ज्याला काही माहीत नाही तो कुठली ओतेल? रीतीप्रमाणे लालच. टेबलावर दोन्ही उघडलेल्या होत्या, दोन्ही सकाळी चाखलेल्या, म्हणजे उष्टं-सोवळं म्हणाल तर दोन्ही सारख्याच. पिवळी तोच ओतेल, ज्याला लालमध्ये काय आहे ते माहीत आहे. सीमाबाईंना राग होता, पण त्यांनी वाटीला हात लावला नाही. मानसीबाईंनीही नाही. नानांनी लावला. आणि मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, त्याच बाटलीतलं घातलं. तिथे ते खोटं बोलले."

"पण का?" मानसी पुटपुटली. "लालच ओतून टाकली असती तर कोणाला काय कळलं असतं?"

"कोणालाच नाही. मलासुद्धा नाही. पण माणसाला फसवायची त्यांची तयारी होती, राखणदाराला जवळ्याचं पाणी पाजायची नव्हती. पाजलं आणि त्याने बघितलं तर? म्हणून देवाला स्वच्छ दिलं आणि पाहुणीला ते."

नाना खुर्चीत बसले. बसले कसले, कोसळलेच.

"सीमान डबे माझ्याकडे धाडल्यान," ते हळू आवाजात म्हणाले. "रात्री त्या डब्यांकडे बघत बसलंय. सकाळी जवळो उकळलंय, बाटलीत भरून आणलंय. माका वाटला, अंगार गांधी उठतले. खाजवीत बसात. तिचो बापूस भांडात, लगीन मोडात, आणि सुशांत हयच रव्हात. मरणाचा मनात नव्हता. देवाशप्पथ नव्हता."

"तीनदा सांगितलं होतं मी," शरदचंद्र म्हणाले. "श्वास बंद पडतो, असंच सांगितलं होतं. तुमच्यासमोर."

"माका वाटला, शेरातली माणसां वाडवून सांगतत."

सुशांत खिडकीपासून पुढे आला. आकांक्षाला वाटलं हा आता हात उचलणार. पण तो खुर्चीसमोर येऊन नुसता उभा राहिला.

"दसऱ्याची तिकिटं काढली आहेत, नाना. माझं आणि तिचं. ह्या वर्षी आणि दर वर्षी यायचं, हे ऋग्वेदानंच ठरवलं. मला म्हणाली, तरंगाचा मान सोडायचा नाही, मीसुद्धा बघायला येणार. जेवण झाल्यावर तुम्हाला सांगणार होतो. तिला तुमचं तोंड बघायचं होतं सांगताना."

नानांचे ओठ हलले. "म्हणजे तू येतलंस?"

"येणार होतो."

मग म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आता गाव मान देवचा नाय. ज्या घरात पावण्याच्या जिवार उठले, त्या घराकडे तरंग जायना नाय. माझ्या बापाशीन सांगितलेला. हातान घालवलंय मी. माझ्या हातान."

सीमाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. सुशांत बहिणीसमोर जाऊन बसला, तिचा हात धरला आणि म्हणाला, "ताई, मी फोन उचलायला हवा होता." मानसीने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मोरजकरांनी पुराव्याच्या पिशवीत घालायला लाल बाटली उचलली.

"ती राहू दे," आकांक्षा म्हणाली. "खरी लॅबमध्ये आहे. हे आमसुलाचं पाणी आहे, मीच सकाळी केलं."

नानांनी ते ऐकलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते शरदचंद्रांकडे बघत होते.

"चेडू कसा आसा?"

शरदचंद्र उभे राहिले. बटणं आज नीट लागली होती. "रविवारपासून दोन दिवस गेले, राऊळ. आज पहिल्यांदा विचारलंत."

नानांनी मान खाली घातली. मग काठी शोधून दाराकडे निघाले. गुडघे दुखायचे म्हणून लिफ्टपर्यंत नेहमी सुशांतच त्यांना धरून न्यायचा. आज तो जागचा उठला नाही. मोरजकरांनी हात दिला.